ओसरीवरून : अर्जुनाचे पान

गोष्ट गेल्या वर्षीच्या गणेशचतुर्थीची. भोरच्या आमच्या घरी पार्थिव गणपतीची पूजा थोरले बंधू करतात. त्यांना सर्व घर दादा म्हणते. मंत्र खणखणीत, उच्चार शुद्ध, सोवळे कडक. नाव ठेवण्यास कोठेही जागा नाही. पूजा एकवीस पत्रींपर्यंत आली. दादांनी एकेका पत्रीचे नाव घ्यावे आणि जवळ बसलेल्या मुलांपैकी एकाने तबकातील एकेक पान त्यांच्या हाती द्यावे, असा आमच्याकडील प्रघात. बारा पाने सुरळीत गेली. तेराव्या खेपेस दादांनी 'अर्जुन' हे नाव उच्चारले, तेव्हा आमची नऊ वर्षांची नात हात आखडून म्हणाली, "आजोबा, यातलं अर्जुनाचं पान कोणतं?" दादांनी तबकाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि "दे त्यातलं कोणतंही," असे म्हणून ते पुढच्या नावाकडे वळले.

पहिली बारा पाने सुरळीत गेली याचा अर्थ इतकाच, की ती कोणी विचारली नव्हती. बाजारातून आणलेल्या पत्रीच्या जुडीत उलटसुलट करून पाहिले तेव्हा त्यात चारपाचच जातींची पाने निघाली. त्यांनीच एकवीस नावे भागवून नेली होती. त्या दिवशी आमच्या पंगतीला विद्येची वाण नव्हती. पदवीधर होते, अभियंते होते, एक डॉक्टर होते, आणि ज्याची सारी हयात शाळेत संस्कृत शिकवण्यात गेली असा प्रस्तुत लेखकही होता. काव्यांतून अर्जुनवृक्ष मी किती वेळा शिकवला असेन! 'अर्जुन नावाचा एक वृक्ष' असा अर्थ सांगून मी पुढे जात असे. कोणा विद्यार्थ्याने 'तो कसा असतो' असे विचारले नाही, आणि विचारले असते तर मला सांगता आले नसते.

त्या वेळी स्वयंपाकघरात आमच्या काकू मोदकांच्या उकडीशी झगडत होत्या. त्यांना सर्व घर माई म्हणते. वय चौऱ्याऐंशी, कानांनी थोड्या कमी, डोळ्यांनी त्याहून कमी. त्यांना जाऊन विचारावे, असे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

नातीचा प्रश्न मात्र घरात राहिला. वैशाखात मुलांना सुटी लागली तेव्हा धाकट्या सूनबाईंनी तो पुन्हा काढला. त्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्या म्हणाल्या, "पुस्तकातलं चित्र दाखवून काय होणार? पुण्याला विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभागाची बाग आहे. तिथं झाड दाखवू आणि नावही दाखवू." आगाऊ पत्र लिहून परवानगी मिळवली. माईंचे डोळे पुण्याच्या डॉक्टरांना दाखवावयाचे होतेच; तेव्हा त्याही आमच्याबरोबर निघाल्या. "मी बापडी एखाद्या बाकावर बसेन, तुम्ही हिंडा," असे त्यांनी निघतानाच सांगून टाकले.

भोरहून पुण्यास जाताना कापूरहोळास हमरस्ता लागतो. पुढे नसरापूरच्या बाजूस डाव्या हाताला वेल्ह्याकडे जाणारी वाट फुटते. माईंचे माहेर तिकडचे, तोरण्याच्या पायथ्याजवळचे. त्यांच्या लहानपणी तो मुलूख भोर संस्थानातच मोडत असे. १९४८ च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले तेव्हा त्या सातेक वर्षांच्या होत्या. तो फाटा आला की माई खिडकीकडे सरकतात, हे आम्हांस ठाऊक आहे. त्या दिवशी त्या मुलांना म्हणाल्या, "या दिवसांत तिकडे तोरणं पिकलेली असतील."

"तोरणं पिकतात?" मुले हसू लागली.

"हसता काय? पांढरी पांढरी, वाटाण्याएवढी, गोड. काट्यातून काढावी लागतात. गडावर त्यांची जाळीच जाळी. म्हणून तर गडाला तोरणा म्हणतात."

तोरणा किल्ला महाराजांनी घेतला, त्याचे नाव प्रचंडगड ठेवले, हे आमच्या मुलांना पाठ होते. त्याचे मूळ नाव एका झुडपावरून पडले असे मानतात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सूनबाईंनी तत्काळ पुस्ती जोडली, की तोरण ही बोरीची सख्खी बहीण होय आणि बोरीचे पान एकवीस पत्रींत आहे. माईंचे माहेर आणि दादांची पूजा यांच्यात अशी एक सोयरीक कात्रजच्या घाटापूर्वीच निघाली. त्या प्रवासाचे फळ खरे पाहता तेथेच मिळू लागले होते. आमचे मात्र लक्ष पुण्याकडे होते.

विद्यापीठाचे आवार म्हणजे जुनी गणेशखिंड. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत, १८६४ च्या सुमारास, येथे गव्हर्नरांच्या पावसाळी निवासाची इमारत उठू लागली. व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ तेथे आटोपून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ च्या रात्री ज्या रस्त्यावर गोळी झाडली, तो हाच गणेशखिंडीचा रस्ता. पुढे १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले, डॉ. मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू झाले, आणि ज्या वास्तूत परकीय सत्ताधीश पावसाळा घालवीत तेथे विद्येचा कारभार सुरू झाला. २०१४ पासून या विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. इतका इतिहास मुलांनी चालता चालता ऐकून घेतला. त्यांचे डोळे झाडांना लावलेल्या पाट्यांवर होते.

वनस्पतिउद्यान आणि साधा बगीचा यांतील भेद या पाटीत आहे. बगीच्यात झाड शोभेसाठी असते. ते दिसले की काम झाले. वनस्पतिउद्यानात झाड आणि त्याचे नाव यांची गाठ बांधून ठेवलेली असते. ग्रंथालयात जसा प्रत्येक ग्रंथ नोंदवलेला, तसे येथे प्रत्येक झाड. पाटीवरील लॅटिन नाव पाहून मुले प्रथम बिचकली. सूनबाईंनी त्यांना सांगितले, की यात भिण्यासारखे काही नाही; पहिला शब्द हे आडनाव आणि दुसरा शब्द हे झाडाचे स्वतःचे नाव. कार्ल लिनियस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात ही दोन शब्दांची रीत सर्रास वापरली आणि पुढे सर्व जगाने ती उचलली.

अर्जुनाची पाटी नातीनेच शोधून काढली. 'टर्मिनॅलिया अर्जुना' – संस्कृतातील नाव जसेच्या तसे लॅटिनात जाऊन बसलेले पाहून दादांना केवढा आनंद झाला! त्या 'टर्मिनॅलिया' घराण्याची मंडळी सूनबाईंनी आम्हांस एकेक करून ओळखवून दिली. हिरडा त्यातला, बेहडा त्यातला, आपल्या डोंगरातील ऐन त्यातला, आणि शहरांतून अंगणात लावतात तो देशी बदामही त्यातलाच. लॅटिनात 'टर्मिनस' म्हणजे शेवट. या घराण्यातील पुष्कळ झाडांची पाने फांदीच्या शेवटाशी दाटीने येतात, म्हणून हे आडनाव. आमच्या शेजारच्या अंगणातील बदाम मुलांनी हजार वेळा पाहिला होता. त्याची पाने फांदीच्या टोकाशी झुपक्याने असतात हे त्यांना त्या घटकेस प्रथम दिसले. त्रिफळातील दोन फळे एकाच घराण्याची आणि तिसरा आवळा तेवढा परक्या घरचा, हे ऐकून वहिनींना मोठी मौज वाटली. आपण लोक गोत्रे आणि प्रवरे यांची एवढी काटेकोर मोजदाद करतो. झाडांचे गोत्र आपणांस सांगता येऊ नये, हे काही शोभण्यासारखे नाही.

आम्ही असे शास्त्र ऐकत असता माई बाकावरून उठून हळूहळू झाडाजवळ आल्या. पाटी त्यांना वाचवत नव्हती. त्यांनी बुंध्यावर हात ठेवला. साल गुळगुळीत, राखी पांढुरकी, जागोजागी तिचे पातळ पापुद्रे सुटलेले. त्यांनी हात वर नेला, खाली आणला, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अरे, हा तर सादडा! आपल्या नीरेकाठचा पांढरा सादडा!"

"माई, हा अर्जुन आहे," मी जरा मोठ्याने सांगितले.

"असेल तुमचा अर्जुन. आपल्या घाटाच्या वरच्या अंगाला चार आहेत. धुणं झालं की आम्ही त्यांच्याच सावलीला बसायचो. लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते आहे मी."

आम्ही सर्व एकमेकांकडे पाहू लागलो. चाळीस वर्षे ज्या पानाचे नाव घेऊन आम्ही भलतेच पान वाहत आलो, ते झाड आमच्या घरापासून पाव मैलावर, आमच्याच नदीच्या काठी उभे होते. आणि ते ओळखणारी व्यक्ती आमच्याच स्वयंपाकघरात होती!

सूनबाई शास्त्राच्या बाबतीत कोणाची भीड धरीत नाहीत. त्या म्हणाल्या, "माई, सादडा हे नाव लोक ऐनालाही देतात. दोन्हींच्या फळांना पंख असतात. घरी गेल्यावर ताडून पाहायला हवं." तेथील माळीबुवांना विचारून झाडाखाली पडलेले एक वाळके फळ आणि एक गळालेले पान मुलांनी घेतले. फळ लाकडासारखे टणक आणि त्याला उभे पाच पंख. पानाच्या बुडाशी, देठ जेथे जुळतो तेथे, दोन बारीक गाठी. ऐनाची साल काळपट व मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. अर्जुनाची पांढरट व गुळगुळीत. एवढ्या खुणा वहीत टिपून घेतल्या. उद्यानात झाडाचे पान तोडू नये, पडलेले घ्यावे आणि तेही विचारून, हा धडा मुलांस त्याच वेळी मिळाला.

दुपारी सावलीत डबे उघडले तेव्हा मुलांनी विचारले, की झाडांना पाट्या लावण्याची ही कल्पना पुण्यात आणली कोणी? ती हकीकत सांगण्यासारखी आहे. पुण्याजवळ दापोडीस १८२८ साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी वनस्पतिउद्यान सुरू केले. १८३८ पासून ते डॉ. अलेक्झांडर गिब्सन या वैद्याकडे होते. औषधी वनस्पती तेथे लावून सरकारी दवाखान्यांना औषधे पुरवणे हा त्या बागेचा एक उद्योग असे. हेच गिब्सन १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांनी एका चित्रकाराकडून येथील वनस्पतींची दीडशेहून अधिक रंगीत चित्रे काढवून घेतली. ती आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पतिउद्यानात जपून ठेवलेली आहेत. चित्रकार पोर्तुगीज वळणाचा हिंदी मनुष्य होता एवढेच समजते. त्याचे नाव उरलेले नाही. ज्याने शेकडो पानाफुलांची ओळख कायम केली, त्याची स्वतःची ओळख पुसली गेली.

दापोडीची बाग १८६५ च्या सुमारास मोडली आणि १८७३ साली गणेशखिंडीस नवी बाग उभी राहिली. तिचा कारभार पुढे जॉर्ज मार्शल वुड्रो यांनी पुष्कळ वर्षे पाहिला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी निवृत्तीनंतर मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला. तो १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीपुढे ती कोठे आणि कोणास सापडली याची नोंद आहे. तीत वुड्रो आहेत, कानिटकर आहेत, आणि पुनःपुन्हा येणारे एक नाव आहे – भिवा. आडनाव नाही, हुद्दा नाही, केवळ भिवा. डोंगर तुडवून त्याने आणलेली झाडे ग्रंथात गेली, हे त्या एका शब्दावरून कळते. ग्रंथकर्त्याने त्याचे नाव लिहिले, हा त्याचा मोठेपणा. पण ग्रंथ लिहिणाराइतकाच झाड ओळखणारा माणूस लागतो, ही गोष्ट त्या नावाने कायमची सिद्ध केली आहे.

ती १८७३ ची बाग औंधच्या वाटेवर आजही आहे. १९६८ साली राहुरीचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. बाग आता त्याच्याकडे असून तेथे फळझाडांचे संशोधन चालते. २०२० साली शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळ ठरवले. तेथील जुन्या आंब्यांची कीर्ती आहेच; परंतु आमच्या घरातील स्त्रियांस अधिक नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. आपण बाजारात 'गणेश' म्हणून जे डाळिंब मागतो, ते या बागेतले! डॉ. चीमा या फलसंशोधकांनी आळंदी जातीच्या डाळिंबाच्या रोपांतून १९३६ साली एक मऊ बियांचे, गोड झाड निवडले. त्याला गणेशखिंड वनस्पतिउद्यानाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'जी. बी. जी. १' असे नाव होते. १९७० साली त्याचे 'गणेश' असे नामकरण झाले. 'सरदार' पेरूची कथा अशीच. लखनौहून आणलेल्या बियांच्या रोपांतील एकोणपन्नासावे झाड १९२७ च्या सुमारास त्यांनीच येथे निवडले. म्हणून त्याला 'लखनौ ४९' असेही म्हणतात. डाळिंबाचे पान हेही एकवीस पत्रींतले. तेव्हा गणपतीच्या नावाचे फळ गणपतीच्या नावाच्या खिंडीत जन्मले, असे म्हणून वहिनींनी हात जोडले. त्यात शास्त्राने आक्षेप घेण्यासारखे काही नाही.

माईंच्या डोळ्यांची तपासणी उरकून आम्ही रात्री भोरला परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी माईंना पुढे घालून सारी बालसेना नीरेच्या घाटावर गेली. चार म्हटलेल्या झाडांपैकी तीनच उरली होती. सूनबाईंनी साल पाहिली, पाने उलटी करून त्या दोन गाठी पाहिल्या, पायाखालचे पाच पंखांचे फळ उचलून पुण्याच्या फळाशेजारी ठेवले. तसूभर फरक नव्हता. माईंचा पांढरा सादडा म्हणजे अर्जुनच.

तेथे बसल्या बसल्या माईंनी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनातून अजून जात नाही. त्या म्हणाल्या, "मामंजी चतुर्थीला पहाटे स्वतः जाऊन पत्री आणीत. जुडी विकत आणायची चाल मागाहून आली. त्यांच्या ओंजळीत सादड्याचं पान असायचं. ते कशाला लागतं हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. पूजेचं आम्हां बायकांना कोण सांगतो? आणि झाडांचं तुम्ही आम्हांला कधी विचारलंत?"

मी निरुत्तर झालो. घरात नाव जाणणारे एका खोलीत होते आणि झाड जाणणारी दुसऱ्या खोलीत. मध्ये एक उंबरठा होता, तो चाळीस वर्षांत कोणी ओलांडला नाही. आजोबांपाशी नाव आणि पान दोन्ही होते. त्यांच्यामागे नाव पुरुषांकडे पोथीत राहिले, पान बायकांकडे नदीकाठी राहिले, आणि दोन्ही अर्धी होऊन बसली. आपल्या एकत्र कुटुंबांत किती ज्ञान असे दोन खोल्यांत वाटले गेले असेल, याचा प्रत्येकाने आपापल्या घरी विचार करावा. औषधाचे काढे, पाण्याच्या खुणा, धान्यातील किडीवरचे उपाय, देवराईतील वेलींची नावे – हे सारे कोणा वृद्ध बाईच्या किंवा शेतावरच्या म्हाताऱ्या गड्याच्या तोंडी असते. आणि आपण ते छापील पुस्तकांत शोधत बसतो. डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून १९७६ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्या कामास गावोगावच्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टींचा मोठाच आधार होता. पंडितांना जे विचारावेसे वाटले, ते घरच्यांना विचारावेसे वाटू नये काय?

त्या दिवसापासून आमच्या घरी एक वही सुरू झाली आहे. तिची कृती सोपी आहे म्हणून येथे देतो. पान, आणि शक्य असल्यास फुलासह लहान डहाळी, वर्तमानपत्राच्या घड्यांत सपाट पसरून वर जड पुस्तके ठेवावीत. पावसाळ्यात रोज आणि एरवी एकदोन दिवसांआड कागद बदलावा, म्हणजे बुरशी धरत नाही. आठदहा दिवसांत पान कोरडे होते. मग ते जाड कागदावर डकवावे. खाली घरचे नाव, गावाकडचे नाव, शास्त्रीय नाव समजल्यास ते, ठिकाण, तारीख आणि नाव कोणी सांगितले हे लिहावे. शेवटची नोंद गाळू नये. भिवाचे नाव कुकसाहेबांनी गाळले नाही. आमच्या वहीत आज त्र्याहत्तर पाने आहेत, आणि त्यांतील एकावन्नांखाली 'माईंनी सांगितले' असे नातीच्या अक्षरात लिहिलेले आहे. माईंना हल्ली माणसांची नावे आठवत नाहीत. काल त्यांनी मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली. पान हातात दिले की नाव मात्र अचूक येते. हे किती दिवस चालेल ते सांगता येत नाही. म्हणून वहीचे काम रोज चालते.

यंदाच्या चतुर्थीस जुडी आणली नाही. दादांचे मन प्रथम तयार नव्हते. "आजवर चालत आलं ते मोडायचं कशाला?" असे ते म्हणाले. त्यावर, "चालत आलेलं तुम्हीच मोडलंत, ही मुलं ते जोडताहेत," असे माईंनी सांगितले, आणि दादा हसून गप्प झाले. मुलांनी आदल्या दिवशी हिंडून माका, आघाडा, डोरली, रुई, हादगा, विष्णुक्रांता अशी अठरा पाने जमवली. विष्णुक्रांतेचे इवलेसे निळे फूल माळावर पायाखाली असते आणि आपण ते तुडवीत जातो, हे त्यांना त्या दिवशी कळले. तीन पाने मिळाली नाहीत. देवदार हा हिमालयातला वृक्ष, तो आपल्या डोंगरात कोठून असणार? केवडा ताजा मिळाला नाही. मालती म्हणजे नेमकी कोणती वेल, याविषयी जाणत्यांतही एकमत नाही. या तीन नावांना दादांनी अक्षता वाहिल्या. परंपरेतच अभावी अक्षतांची सोय आहे. खोट्या पानाची नाही. तेरावे नाव आले तेव्हा नातीने सादड्याचे पान दोन्ही हातांनी पुढे केले. स्वयंपाकघराच्या दारात माई उभ्या होत्या. दादांनी नाव जरा मोठ्याने घेतले. त्यांना ऐकू जावे म्हणून असेल.

मुले घरात आहेत म्हणून एक सावधगिरीची सूचना. पत्रींतील कण्हेर, धोत्रा आणि रुई ही विषारी आहेत. मुलांनी ती तोंडात घालू नयेत, हाताळल्यावर हात धुवावेत, आणि निर्माल्य गाईगुरांपुढे टाकू नये.

हा अंक हाती पडेल तेव्हा दसरा जवळ आलेला असेल. बाजारात 'सोने' म्हणून पुष्कळदा कांचनाच्या फांद्या येतात. आपट्याचे पान लहान, जाड व रुंदट असते, कांचनाचे मोठे व पातळ. दोन्ही एकाच घराण्यातली. त्या घराण्याला पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी योहान व कास्पर बोहिन या दोघा वनस्पतिज्ञ बंधूंचे आडनाव दिले आहे, कारण त्याचे पान देठाशी जोडलेल्या दोन दलांचे असते – दोन भाऊ, पान एक. एकत्र कुटुंबाला याहून चांगले सोने कोणते? मात्र ते लुटताना फांदी ओरबाडू नये. एकेक पान पुरते. आणि ते देण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीच्या हाती ठेवून, "याला तुम्ही काय म्हणता?" एवढे विचारावे.